रविवारची सहल आणि मंगळवारची वाट

दिवाळी आटोपली की माझ्या दवाखान्यात एका विशिष्ट प्रकारच्या मंडळींची ये-जा सुरू होते. त्यांना रुग्ण म्हणणे तितकेसे बरोबर नाही. मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी निघालेले हे ज्येष्ठ नागरिक असतात. तीन महिन्यांची औषधे, इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी, विमानात पाय सुजतील का याची चौकशी आणि ‘गुडघ्याचे काहीतरी करून द्या, तिकडे फार चालावे लागते म्हणतात’ ही विनंती, असा साधारण क्रम असतो. पूर्वी यांतले बहुतेक अमेरिकेला जात. अलीकडे सिंगापूरला जाणाऱ्यांची संख्या माझ्याकडे तरी डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. मुंबईहून पाच-साडेपाच तासांचा प्रवास, घड्याळ केवळ अडीच तास पुढे, थंडीचा प्रश्न नाही, देवळे आहेत, इडली-डोसा मिळतो. त्यामुळे मुलांनाही वाटते की आई-वडिलांना हे शहर सोपे जाईल.

ते सोपे जाते, पण आपोआप जात नाही. माझी बहीण बरीच वर्षे तिथे राहत असल्याने मी दोनदा तीन-तीन आठवडे त्या शहरात राहिलो आहे. तिच्या ओळखीच्या घरांतून आलेल्या आजी-आजोबांना पाहिले आहे, आणि परत आल्यानंतर माझ्यासमोर बसलेल्यांचे ऐकले आहे. या अनुभवातून माझे एक मत बनले आहे. परक्या शहरात ज्येष्ठांची प्रकृती कशी राहील, हे औषधांच्या डब्याइतकेच शनिवार-रविवार कसा जातो यावरही ठरते.

पहिल्यांदा हवामानाकडे पाहू, कारण तिथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर आहे. वर्षभर दुपारचे तापमान ३१ ते ३३ अंशांच्या आसपास असते. पुण्या-नागपूरकडचा मनुष्य हा आकडा ऐकून हसतो. आमच्याकडे एप्रिलात चाळीस होते, बत्तिशीचे काय कौतुक! पण आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असतो. घाम येतो, वाळतो आणि वाळताना शरीराची उष्णता घेऊन जातो. सिंगापूरच्या हवेत बाष्पच इतके असते की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. शरीरातले पाणी आणि क्षार जातात, पण शरीर हवे तसे थंड होत नाही. त्यात वयाची साठी-सत्तरी ओलांडली की तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, किंवा मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिनसारखे लघवीवाटे साखर बाहेर टाकणारे औषध असेल, तर शरीरातले पाणी आणखी लवकर कमी होते.

आणि यापलीकडचे कारण कोणी बोलून दाखवत नाही, ते म्हणजे स्वच्छतागृहाची धास्ती. सहलीला जायचे म्हणून सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या स्त्रिया मी आयुष्यभर पाहत आलो आहे. एस.टी.च्या प्रवासात लागलेली ही सवय थेट विमानातून परदेशी जाते. सिंगापुरात मेट्रोच्या स्थानकांत, बागांत, बाजारांत स्वच्छतागृहे आहेत आणि ती वापरण्याजोगी आहेत. मुलांना माझे सांगणे असते की घरातून निघताना ‘आई, पाणी पी’ असे बजावण्याऐवजी पोहोचल्याबरोबर स्वच्छतागृह कुठे आहे ते तिला दाखवा. पाणी ती आपण होऊन पिईल. हृदय किंवा मूत्रपिंड यांच्या विकारामुळे ज्यांना पाण्याचे माप ठरवून दिले आहे, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच ते माप बदलावे. लघवीची गोळी सहलीच्या दिवशी आपल्या मनाने गाळू नये. तिची वेळ बदलता येते का, एवढे निघण्यापूर्वी विचारून ठेवावे.

आता एका मावशींची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय त्र्याहत्तर. यजमान दोन वर्षांपूर्वी गेलेले. मुलगा आणि सून सिंगापुरात नोकरीला, नात शाळेत. चौदाव्या मजल्यावरचे नीटनेटके घर. मुलगा मनाने चांगला, सून त्याहून चांगली. सोमवार ते शुक्रवार दोघेही सकाळी आठला बाहेर पडत ते संध्याकाळी सातला परतत. नात शाळेतून येई ती शिकवणीला जाई. पाच दिवस आईला वेळ देता येत नाही याची बोच दोघांनाही होती, आणि तिची भरपाई ती शनिवारी करत. सकाळी दहाला निघायचे, एक बाग, एक मॉल, जेवण, समुद्रकिनारा, पुन्हा मॉल, रात्री नऊला घर. मावशी कौतुकाने सगळीकडे जात. मुलाने सुट्टीचा दिवस आपल्यासाठी घालवला, त्याला नाही कसे म्हणायचे? रविवारी त्या दिवसभर झोपून असत, त्याचे कारण ‘वय’ असे सगळ्यांनी धरले होते.

चौथ्या महिन्यात ‘गार्डन्स बाय द बे’मध्ये गेले असता त्यांना भोवळ आली. या उद्यानात काचेची दोन प्रचंड दालने आहेत. त्यांपैकी फुलांच्या दालनात तेवीस ते पंचवीस अंशांचा गारवा राखलेला असतो. दोन तास त्या गारव्यात काढून भर दुपारी दोन वाजता बाहेर उन्हात आल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या खाली बसल्या. रुग्णालयात नेले. रक्तदाब उतरलेला, रक्तातले सोडिअम कमी झालेले. दोन दिवसांत बऱ्या होऊन घरी आल्या. तिथे परदेशी नागरिकांना उपचारांचा पूर्ण खर्च स्वतः करावा लागतो, त्यामुळे बिलाचा चटका बसला तो वेगळाच. मात्र मुलाला खरी चिंता दुसरीच होती. आई हल्ली बोलत नाही, विचारलेले विसरते, एकच गोष्ट दोनदा सांगते. त्याने इंटरनेटवर वाचून स्मृतिभ्रंशाचे निदानही करून टाकले होते. ‘डॉक्टर, आता आईला एकटीला ठेवता येणार नाही. साताऱ्याचे घर विकून टाकावे म्हणतो,’ असे त्याने मला फोनवर सांगितले.

त्या माझ्यासमोर बसल्या तेव्हा वजन सहा किलोंनी उतरले होते. सोडिअम कमी झाले की माणूस गोंधळतो, मंदावतो, म्हणून ते प्रथम पाहिले. ते आता ठीक होते. थायरॉइड, बी-१२, दोन्ही व्यवस्थित. स्मरणशक्तीच्या प्राथमिक चाचणीत तारीख सोडली तर काही चुकले नाही. मुलाला बाहेर बसवून मी विचारले, “मावशी, तिथे दिवस कसा जातो?”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “डॉक्टर, पाच दिवस मी खिडकीत असते, आणि सहाव्या दिवशी मला जत्रेत नेतात.”

हे स्मृतिभ्रंशाचे बोलणे नव्हते. उतारवयातले नैराश्य अनेकदा असे विसराळूपणाचे, अबोलपणाचे, भूक मंदावल्याचे रूप घेऊन येते. रडणे, उदास असल्याचे सांगणे यांतले काहीच दिसत नाही. मनोविकारतज्ज्ञांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. काही नैराश्यविरोधी औषधांनीही सोडिअम उतरू शकते, त्यामुळे औषध विचारपूर्वक निवडावे लागले, आणि रक्तदाबाची गोळी मी बदलून दिली. घर विकण्याचा विषय सहा महिने काढायचा नाही, असे मुलाकडून कबूल करून घेतले. सुनेशी मात्र मी अर्धा तास बोललो, कारण उपचाराचा मोठा भाग तिच्या हाती होता.

ठरले ते असे. शनिवारची सहल ही एकेका ठिकाणाची, तीन तासांची. आणि पहिले चार शनिवार एकाच ठिकाणी, एकाच वाटेने. घराखालून बस, मग मेट्रो, ‘लिटल इंडिया’ स्थानक, तिथून टेक्का सेंटर. टेक्का म्हणजे खाली मासळी-भाजीचा बाजार आणि खाद्यपदार्थांच्या टपऱ्या, वर कपड्यांची दुकाने. कढीपत्ता, कोथिंबीर, नारळ, पडवळ, सगळे मिळते. पहिल्या शनिवारी सुनेने वाट दाखवली. दुसऱ्या शनिवारी मावशींनी पुढे चालायचे आणि सुनेने बरोबरीने. तिसऱ्या शनिवारी सून दहा पावले मागे. चौथ्या शनिवारी सून थेट टेक्कालाच जाऊन थांबली. पाचव्या आठवड्यात मंगळवारी सकाळी मावशी एकट्या गेल्या, अर्धा किलो भेंडी आणि मोगऱ्याचा गजरा घेऊन आल्या, आणि रात्री साताऱ्याला बहिणीला फोन करून त्यांनी तासभर वर्णन केले. गजरेवाल्या तमिळ बाईंशी त्या कोणत्या भाषेत बोलतात हे मला अजून कळलेले नाही.

परक्या शहरातल्या शनिवार-रविवारचा हा उपयोग फार थोड्या घरांच्या लक्षात येतो. नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सुट्टी म्हणजे विरंगुळा, शहर पाहणे. घरी बसलेल्या आई-वडिलांसाठी तीच सुट्टी उरलेल्या पाच दिवसांची तालीम ठरू शकते. सिंगापूर त्या दृष्टीने अनुकूल आहे. मेट्रोच्या स्थानकांना उद्वाहने आहेत, स्थानकांची नावे मोठ्या अक्षरांत आणि इंग्रजीसह अनेक लिप्यांत आहेत, तिकिटासाठी खिडकीवर बोलावे लागत नाही. एक कार्ड टेकवले की झाले. सिग्नलला रस्ता ओलांडण्यासाठी ज्येष्ठांना जादा वेळ देणारी सोय तिथे २००९ पासून काही ठिकाणी आहे. ज्येष्ठ नागरिकाने आपले सवलतीचे कार्ड खांबावर टेकवले की हिरवा दिवा काही सेकंद अधिक राहतो. पाहुण्यांकडे ते कार्ड नसते. त्यांनी तिथल्या एखाद्या आजोबांच्या पाठोपाठ रस्ता ओलांडावा, असे माझी बहीण गमतीने सांगते.

सहलीसाठी जागा कोणती, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ठरलेले आहे. बोटॅनिक गार्डन. १८५९ साली स्थापन झालेले हे उद्यान २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. पहाटे पाचला उघडते, मध्यरात्री बंद होते, प्रवेश विनामूल्य. केवळ आतल्या ऑर्किडच्या बागेला तिकीट आहे. मेट्रोचे स्थानक फाटकाशीच. वाटा सपाट, बाके भरपूर, सावली दाट. सिंगापुरात सूर्य वर्षभर सातच्या आसपास उगवतो आणि सातच्या आसपास मावळतो, म्हणून सात ते साडेनऊ ही वेळ ज्येष्ठांनी आपली समजावी. त्या वेळी तिथे चिनी आजी-आजोबांचे गट संथ लयीत ताई-चीचा व्यायाम करताना दिसतात. त्या संथपणावर जाऊ नका. एका पायावर भार तोलत वळण्याचा तो सराव ज्येष्ठांचा तोल सुधारतो आणि पडण्याचा धोका कमी करतो, असे अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. मागच्या रांगेत उभे राहून हात हलवायला सहसा कोणी मनाई करत नाही.

या उद्यानात हेन्री रिडले नावाचे एक संचालक होऊन गेले. रबराच्या झाडाला इजा न करता चीक कसा काढावा याची पद्धत त्यांनी इथेच बसवली आणि मलायातल्या मळेवाल्यांच्या इतके मागे लागले की लोक त्यांना ‘वेडा रिडले’ म्हणत. पुढे तो सारा मुलूख रबरावर श्रीमंत झाला. हे रिडले शंभर वर्षे जगले. त्यात पहाटेच्या बागेतल्या फेऱ्यांचा वाटा किती होता हे सांगता येणार नाही, पण मला तसे मानायला आवडते.

गुडघे फार दुखत असतील तर हॉर्टपार्कमध्ये २०१६ पासून ज्येष्ठांसाठी मुद्दाम आखलेली एक उपचार-बाग आहे. चाकाच्या खुर्चीतून हात पोहोचेल अशा उंचीवर वाफे, वासाची झाडे, आठवणी जाग्या करणारी झाडे. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला मॉलमध्ये नेण्यापेक्षा इथे न्यावे. मॉलचा गोंगाट, चकचकीत फरशी, सरकते जिने हे सारे त्यांना गोंधळात टाकते. आणि मॉल असो, मेट्रो असो की काचेचे दालन, शाल किंवा पातळ स्वेटर पिशवीत हवाच. गारव्यातून उन्हात येताना दारापाशी पाच मिनिटे बसून, दोन घोट पाणी पिऊन मग बाहेर पडावे.

खाण्याकडे वळू. सिंगापूरच्या हॉकर सेंटरांना, म्हणजे एका छपराखालच्या टपऱ्यांच्या बाजारांना, २०२० मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाचा मान दिला. स्वस्त, ताजे आणि विविध. टेबलावर कागदी रुमालाचे पुडके ठेवले म्हणजे जागा धरली असा तिथला रिवाज आहे. ते कोणी विसरून गेले म्हणून उचलू नये. शाकाहारी मंडळींची पंचाईत होते ती सुकी कोळंबी आणि माशांचे अर्क यांमुळे, कारण भाजीच्या पदार्थातही ते असू शकतात. त्यावर चिनी बौद्ध शाकाहाराच्या टपऱ्या हा चांगला उपाय. त्यांच्या महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथे गर्दी असते, कारण अनेक श्रद्धाळू त्या दोन दिवशी मांसाहार वर्ज्य करतात. आपल्याकडची एकादशी-चतुर्थी आठवून आजींना हे चटकन उमगते.

मधुमेही मंडळींनी तिथला एक मलाय शब्द पाठ करून जावा: ‘कोसोंग’, म्हणजे शून्य. तिथली साधी ‘कोपी’ मागितली तर कॉफीत गोड आटवलेले दूध आणि वर साखर येते. ‘कोपी ओ कोसोंग’ म्हटले की बिनदुधाची, बिनसाखरेची. ‘ते सी कोसोंग’ म्हणजे बिनगोड दूध घातलेला, साखर नसलेला चहा. आपल्या चवीला हाच सर्वांत जवळ. ‘ते हालिया’ हा आल्याचा चहा, पण तो बहुधा गोड असतो. बाटलीबंद पेयांवर २०२२ च्या अखेरीपासून साखर आणि स्निग्धांश यांच्या प्रमाणानुसार ए ते डी अशी श्रेणी छापलेली असते. इंग्रजी न येणाऱ्या आजोबांनाही ‘डी’ दिसला की बाटली परत ठेवायची, इतके सहज शिकवता येते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांच्या बाबतीत मात्र साखर वाढण्याइतकीच ती उतरण्याचीही काळजी घ्यावी. सहलीत जेवण दोनवर जाते, गोळी आठलाच घेतलेली असते, चालणे रोजच्यापेक्षा जास्त झालेले असते. हात थरथरणे, घाम, चिडचिड अशी लक्षणे दिसली की ‘दमली असेल’ म्हणून सोडू नये. ग्लुकोजची पुडी खिशात असावी आणि ती कोणत्या खिशात आहे हे बरोबरच्यांना माहीत असावे.

सण हा या शहराचा खरा खजिना. चिनी, मलाय, भारतीय असे तिन्ही समाज शेजारी-शेजारी राहत असल्याने कोणता ना कोणता उत्सव दर महिन्या-दीड महिन्याने येतोच. आणि गंमत अशी की त्यांतले बरेचसे आपल्या आजी-आजोबांना तरुणांपेक्षा लवकर समजतात. चिनी नववर्षापूर्वी घराची झाडलोट करतात, आदल्या रात्री सगळे कुटुंब वडीलधाऱ्यांच्या घरी एकत्र जेवते, मोठी माणसे लहानांना लाल पाकिटात पैसे घालून देतात, संत्र्यांची जोडी दोन्ही हातांनी देऊन घरात शिरतात. यात परके काय आहे? शेजारच्या चिनी कुटुंबाकडे संत्र्यांची जोडी घेऊन आजींना पाठवावे. नातवाला त्या समारंभात जेवढा मान मिळणार नाही तेवढा आजींना मिळेल. फटाक्यांवर तिथे १९७२ पासून बंदी आहे. रंग ओसरू नये म्हणून पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, ‘चिंगे’ नावाची मिरवणूक सुरू झाली. आपल्याकडे दिवाळीनंतरच्या आठवड्यात दम्याच्या रुग्णांच्या ज्या रांगा मी पाहतो, त्या मनात ठेवून मला हा सौदा फारच चांगला वाटतो.

धुराचा त्रास तिथे येतो तो निराळ्या सणाला. चिनी सातव्या महिन्यात, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, पूर्वज आणि अतृप्त आत्मे घरी येतात अशी समजूत आहे. इमारतींच्या आवारात कागदी नोटा, कागदी वस्तू जाळतात, अन्न ठेवतात. पितृपक्ष पाळणाऱ्या आपल्या लोकांना त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असलेल्यांनी त्या संध्याकाळी खिडक्या लावून घ्याव्यात आणि फवाऱ्याचे औषध जवळ ठेवावे. याच काळात मोकळ्या जागेत गाण्याचे कार्यक्रम होतात आणि पुढची रांग रिकामी असते. नीट दिसावे म्हणून तिथे बसू नका. ती पाहुण्या आत्म्यांसाठी राखलेली असते.

आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला कंदिलांचा सण येतो. २०२५ साली तो आणि आपली कोजागरी एकाच दिवशी, ६ ऑक्टोबरला आली होती. एका घरात दुधाची वाटी, शेजारच्या घरात मूनकेक, आणि चंद्र एकच. मूनकेक दिसतो तळहातावर मावेल एवढा, परंतु कमळबियांच्या गोड सारणाच्या पारंपरिक एका मूनकेकमध्ये सातशे ते हजार उष्मांक असू शकतात, म्हणजे जवळजवळ पूर्ण जेवण. त्याचे आठ तुकडे करून वाटायचीच पद्धत आहे, ती मोडू नये. सारणात अंड्याचा बलक आणि पाककृतीत चरबी असू शकते, हे शाकाहाऱ्यांनी आधी विचारावे.

तैपूसमची मिरवणूक थाय महिन्यात, जानेवारी-फेब्रुवारीत निघते. सेरंगून रस्त्यावरच्या श्रीनिवास पेरुमाळ मंदिरापासून टँक रोडच्या मुरुगन मंदिरापर्यंत भाविक दुधाचे घट आणि कावडी घेऊन सुमारे तीन किलोमीटर अनवाणी चालतात. वारी पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यावे असे ते दृश्य असते. पहाटेच जाऊन एका कडेला बसून पाहावे. बरोबर चालण्याचा आग्रह धरू नये. मधुमेही पायांसाठी तर माझी सक्त मनाई आहे. पायांची संवेदना कमी झालेली असेल तर तापलेल्या डांबरावर किंवा देवळाच्या दगडी आवारात तळवे भाजतात आणि ते कळतही नाही. साउथ ब्रिज रोडवरचे १८२७ सालचे मरियम्मन मंदिर पाहायला जायचे तेही सकाळी, दगड तापण्यापूर्वी; जाड मोजे चालतील का ते दारात विचारावे आणि घरी येऊन तळवे आरशात पाहावेत.

दिवाळीत लिटल इंडियाचा सारा रस्ता रोषणाईने उजळतो. ती पाहायला रविवारी संध्याकाळी मात्र जाऊ नये. तो बांधकामावरच्या मजुरांच्या सुट्टीचा दिवस असतो. हजारो माणसे तिथे आपल्या गावाकडच्यांना भेटायला येतात. ती त्यांची संध्याकाळ आहे, त्यांना ती मिळू द्यावी. ज्येष्ठांनी मधल्या वारी, दिवे लागणीला जावे.

गणपतीच्या दिवसांत तिथले महाराष्ट्र मंडळ उत्सव करते. मावशींची सून त्यांना तिथे घेऊन गेली, पण प्रेक्षक म्हणून बसवण्याऐवजी तिने आधीच कार्यकर्त्यांना सांगून मोदकांच्या कामात त्यांची वर्णी लावली. उकड कशी काढायची हे तिथल्या चार मुलींना मावशींनी शिकवले. मला नंतर कळले की त्या दिवशी त्या साडेचार तास उभ्या होत्या आणि रविवारी झोपूनही राहिल्या नाहीत. वैद्यकीयदृष्ट्या याचे स्पष्टीकरण मी देऊ शकतो, पण ते वाचकांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.

सगळे सुरळीत झाले, असे मात्र नाही. मुलाला आईने कायमचे तिकडे राहावे असे वाटते. आईला वर्षातले चार महिने पुरेसे वाटतात आणि साताऱ्याचे घर हवे आहे. दोघांचेही म्हणणे मला पटते. मागच्या भेटीत मी मुलाला एवढेच सुचवले की परतीच्या तिकिटाची तारीख आईला पहिल्या दिवशी सांगून टाक आणि तिकिटाचा कागद तिच्या पाकिटात राहू दे. ‘बघू, पुढे वाढवू’ हे वाक्य मुले प्रेमाने उच्चारतात, पण ऐकणाऱ्याची त्याने झोप उडते.

निघण्यापूर्वीच्या काही गोष्टी उरल्या. औषधे मूळ वेष्टनात आणि औषधाच्या शास्त्रीय नावाच्या चिठ्ठीसह न्यावीत. झोपेच्या, चिंतेवरच्या काही गोळ्या आणि कोडिन असलेली खोकल्याची औषधे यांच्यावर सिंगापुरात कडक नियंत्रण आहे. तिथल्या आरोग्यविज्ञान प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागू शकते, म्हणून ती चिठ्ठी मुलाला आधीच पाठवून खात्री करून घ्यावी. प्रवास विमा घेताना आधीपासून असलेले विकार लपवू नयेत, नाहीतर ऐन वेळी दावा नाकारला जातो. विमानात दर तासा-दीड तासाने उठावे. बहुतेक गोळ्यांना अडीच तासांचा फरक चालतो. तिथल्या घड्याळाने सकाळची गोळी सकाळी घ्यावी. इन्सुलिनचे मात्र आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. डेंग्यू तिथेही आहे आणि तो डास दिवसा चावतो, म्हणून बागेत पूर्ण बाह्यांचे कपडे. ताप आलाच तर पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी स्वतःहून घेऊ नये, आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रुग्णवाहिकेचा क्रमांक ९९५.

एका जाड कागदावर घराचा पत्ता, मुलाचा दूरध्वनी, आपले विकार आणि औषधे इंग्रजीत लिहून तो कार्डाच्या पाकिटात, मेट्रोच्या कार्डामागे ठेवावा. मावशींनी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला टेक्काच्या भाजीवाल्याचे भाव लिहून ठेवले आहेत, असे त्यांनी परवा तपासणीला आल्या तेव्हा दाखवले. कढीपत्ता पुण्यापेक्षा महाग आहे, अशी त्यांची तक्रार आहे.